निलमचा बायोडाटा

माझ्या कथेतल्या माणसांत जीव नसतो, हे मला एकदा नाही, लागोपाठ सतरा रविवार सांगण्यात आलं आहे. सांगणारे तिघं. पहिले दस्तगीरभाई, कळमनुरीतले बायकांचे नामांकित टेलर. त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आमचं कथा मंडळ भरतं. दुसऱ्या नाहिद मॅडम. त्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवतात आणि मंडळालाही चौथीचाच वर्ग समजतात. तिसरे हरीशराव, खत-बियाण्यांच्या दुकानाचे मालक. यांच्या प्रत्येक कथेत पहिल्याच पानावर एक मुडदा पडतो आणि शेवटच्या पानापर्यंत त्याला कोणी उचलत नाही. चौथा मी, संतराम. एका हायस्कुलात क्लार्क आहे. एकतीस वर्षं झाली, तालुक्यातल्या निम्म्या लोकांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख माझ्या अक्षरात आहे. इतकी माणसं हाताखालून गेलेल्या माणसाला माणूस रंगवता येत नाही, असं कोणी म्हणावं का? पण म्हणतात.

"संतरामजी, तुमची पात्रं म्हणजे टीसीवरची नावं," दस्तगीरभाई तोंडात टाचणी धरून म्हणाले. टाचणी तोंडात असली की त्यांची टीका जास्त टोचते. "नाव है, गाव है, शाळा सोडल्याचं कारण है. अंदर आदमीच न्हाई. माप घ्या ना आधी. माप न घेता मला साधा ब्लाउज शिवता येत न्हाई, अन् तुमी आख्खी बाई उभी करून राहिले."

आख्खी बाई म्हणजे निलम. माझ्या नव्या कथेची नायिका. दोन महिने झाले, ती वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होती. एसटी येत नव्हती, कारण आल्यावर हिनं बसून कुठं जायचं हे मला सुचत नव्हतं. तोवर मी फाट्याचं वर्णन करत होतो. फाट्याचं वर्णन साडेचार पानं झालं होतं.

"तिला काय पाहिजे ते ठरवलं का?" नाहिद मॅडमनी विचारलं. "ज्याला काहीच नको, त्याची गोष्ट होत नाही, सर."

"एसटी पाहिजे तिला," मी म्हणालो.

"ट्रकखाली घाला," हरीशराव म्हणाले. "मग लोकच इचारतील, कोण होती बिचारी. तिथून कथा सुरू."

शेवटी नाहिद मॅडमनी गृहपाठ दिला. पुढच्या रविवारी येताना निलमची पूर्ण माहिती लिहून आणायची. उंची, रंग, शिक्षण, नातेवाईक, आवडनिवड. "पात्राचा बायोडाटाच करा म्हणा ना," त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांनी वापरला, मी नाही. पुढं जे झालं त्याची जबाबदारी ठरवताना हे लक्षात घेतलं जावं.

माझं अक्षर चांगलं आहे, पण मंडळापुढं टाइप केलेला कागद ठेवला तर वजन पडतं. म्हणून सोमवारी शाळा सुटल्यावर मी जुनेदच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. जुनेद दोन लेकरांचा बाप आहे, कामाला वाघ आहे आणि त्याच्या दुकानात कायम दहा माणसं मागं उभी असतात.

"एक बायोडाटा टाइप करायचा आहे," मी म्हणालो.

"नोकरीचा का लग्नाचा?"

हा प्रश्न अनपेक्षित होता. मी विचारलं, "कशात माहिती जास्त येती?"

"लग्नाच्या. नोकरीवाले मामाचं गाव इचारत न्हाईत."

पात्राला मामाचं गाव असलंच पाहिजे, हे मला एकदम पटलं. जुनेदनं एक तयार नमुना उघडला. वर गणपती, चारी बाजूंनी वेलबुट्टी. नाव सांगितलं, निलम. उंची पाच फूट तीन. रंग निमगोरा. शिक्षण बी.एस्सी., बी.एड. मग तो म्हणाला, "वडिलांचं नाव?"

कथेत वडील पाचव्या पानानंतर येणार होते. ते कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं. मागं रांगेतला एक जण घसा खाकरत होता. मी म्हणालो, "संतराम लिहून टाक. तात्पुरतं." मग आईचं नाव विचारलं, तिथं मिना हे माझ्या बायकोचंच नाव गेलं. मामाचं गाव पुसेगाव, ते बायकोचं माहेर. जन्मतारीख विचारली तेव्हा मी पटकन म्हणालो, "नऊ नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव."

इथं क्लार्क म्हणून थोडं सांगणं भाग आहे. ज्यांच्या आईबापाला तारीख सांगता येत नाही, त्यांची शाळेत एक जून लागते. नुसत्या माझ्या हातानं चार-पाचशे लेकरं एक जूनला जन्मली आहेत. माझी स्वतःची एक जूनच आहे. पण निलमला मी एक जून लावली नाही. एक लेखक म्हणून मला त्याचा अभिमान वाटला.

"संपर्क?" जुनेद म्हणाला. घरचा मोबाइल मिनाजवळ असतो, तो नंबर मला पाठ आहे. तो दिला. कागद घेऊन घरी आलो, पिशवीत ठेवला आणि विसरलो.

मला जे माहीत नव्हतं ते असं: जुनेद लग्नाचा जो बायोडाटा टाइप करतो, तो जिल्ह्यातल्या तीन वधू-वर ग्रुपवर स्वतःहून टाकतो. हे न मागता करतो, फुकट करतो आणि सांगत नाही. सेवा म्हणून करतो.

बुधवारी डबा विसरला म्हणून मी दुपारच्या सुटीत घरी आलो. दारात एक चप्पल काढली आणि आतून मिनाचा आवाज ऐकून दुसरी पायातच राहिली. ती फोनवर होती.

"न्हाई हो, भात कमीच खाती ती. भाकर लागती तिला, ज्वारीची. तीबी तव्यावरची गरम. लहानपणी तर नुसता वरचा पापुद्राच खायची अन् खालची भाकर बापाच्या ताटात ढकलायची."

मी तसाच उभा राहिलो. आमच्या घरात पापुद्रा खाणारं कोणी नाही. आमच्या घरात आम्ही दोघंच आहोत. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, आम्हाला लेकरू झालं नाही. सुरुवातीला लोक विचारायचे, मग उपाय सांगायचे, मग दोन्ही बंद झालं. आता आमच्याकडं लग्नाच्या पत्रिका येतात, बारशाची बोलावणी येत नाहीत.

"कोण होतं?" मी आत जाऊन विचारलं.

"हट्टा गावचे लोक. पोरगा बँकेत आहे म्हणे."

"कोणाला इचारून राहिले होते?"

"निलमला," ती म्हणाली. दूध आलं नाही, हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात म्हणाली. "काल सकाळपासून चौदा फोन आले."

मग माझी ट्यूब पेटली. मी जुनेदला, नाहिद मॅडमना आणि वेलबुट्टीच्या गणपतीला मनातल्या मनात बोल लावले. मिनाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मी म्हणालो, "अगं, मग पहिल्यालाच सांगायचं ना, चुकून आला म्हणून."

"सांगणारच होते. पण ती बाई म्हणली, निलमची आई का? मी व्हय म्हणले." मिनानं माझं ताट वाढलं. "एकदा व्हय म्हणल्यावर पुढं न्हाई कसं म्हणायचं?"

याच क्षणी मी जुनेदकडं जाऊन सगळं थांबवायला हवं होतं. कोणताही जबाबदार गृहस्थ तेच करील. मी जेवलो, हात धुतले आणि खिशातल्या हजेरीच्या कागदामागं लिहिलं, "पापुद्रा. खालची भाकर बापाच्या ताटात."

रविवारी ते मंडळात वाचलं. दस्तगीरभाईंनी तोंडातली टाचणी काढली. आमच्या मंडळात यापेक्षा मोठा सन्मान नाही.

"हे तुमी लिहिलं?"

"मग काय हवेतून पडलं?" मी म्हणालो. घरी फोनवर बायको बोलते आणि मी दाराआड उभा राहून टिपून घेतो, हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

"अब आयी आदमी में जान," ते म्हणाले. नाहिद मॅडमनी माझ्या कागदावर लाल पेनानं बरोबरची खूण केली. हरीशराव म्हणाले, आता मेली तर वाईट वाटंल.

मग मला चटक लागली. डबा मी रोज विसरू लागलो. निलम डावखुरी होती हे मला गुरुवारी कळलं. सातवीत लिंबाच्या झाडावरून पडून तिचा हात मोडला होता, हे सेनगावच्या फोनला कळलं. फरशी पुसताना गाते, पण कोणी ऐकतंय असं दिसलं की गप्प बसते. पालीला भीत नाही, झुरळाला भिते. मी सगळं लिहून घेत होतो. फाट्यावरून मी निलमला केव्हाच उचललं होतं, आता ती आमच्याच घरात राहत होती.

शुक्रवारी मात्र मी जे ऐकलं त्यानं डोकं सणकलं. मिना कोणाला तरी सांगत होती, "एम.एस्सी.ला नांदेडला जायचं होतं हो तिला. पण तिच्या पप्पांनी पाठवलं न्हाई."

संध्याकाळी मी चहा पिताना म्हणालो, "मी पाठवलं असतं."

"कोणाला?"

"तिला. नांदेडला. मी काहून अडवंल? मी शिक्षण खात्यातला माणूस आहे."

"तुमीच अडून बसलात. होस्टेलचं जेवण चांगलं नसतं म्हणून."

"मी असं बोललोच न्हाई!"

"तुमी बोलला असता," मिना म्हणाली. "मी दोन दिवस माहेरी गेले तरी तुमी तीनदा फोन करता, जेवली का म्हणून. पोरगी तुमी सोडली असती?"

आम्ही अर्धा तास भांडलो. ती म्हणे अडवलं असतं, मी म्हणे पाठवलं असतं, दर शनिवारी डबा घेऊन गेलो असतो. बोलता बोलता कधीतरी दोघांनाही कळलं की आपण कशावरून भांडतोय. मग मिनानं चहाचे कप उचलले. इतकं छान भांडण आमचं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

तोवर बाहेर गोष्ट आमच्या हातात राहिली नव्हती. शेजारच्या कमलबाई शनिवारी मोबाइल घेऊन आल्या. बारा वर्षांचा शेजार, पण चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचं दुःख होतं.

"पोरगी काहून लपवून ठेवली? मला सांगायला तकलीफ काय होती?"

"कमलबाई, ही गोष्टीतली पोरगी आहे," मी म्हणालो.

"गोष्टीतलीच म्हणा. लाखात एक आहे, तुमचा मेहुणा सांगून राहिला. माझा एक सल्ला ऐका, फोटो टाका. फोटोबिगर लोक खोट काढतात."

मेहुण्याचं प्रकरण असं होतं. पुसेगावला कोणीतरी मिनाच्या भावाला चावडीसमोर गाठून विचारलं होतं, तुमची भाची कशी आहे हो? मेहुण्याला भाची नाही. पण चारचौघांत आपल्याला आपली भाची माहीत नाही असं कसं म्हणायचं, अब्रूचा प्रश्न होता. तो म्हणाला, भाची म्हणजे लाखात एक. मग त्यानं मला फोन करून पाऊण तास झापलं. त्याचा राग भाची नसण्याबद्दल नव्हता. तिचं लग्न काढताना मामाला विचारलं नाही, याबद्दल होता.

आता मात्र मी घाबरलो. मामानं शिक्का मारल्यावर पोरगी पक्की होते. सोमवारी अर्धी रजा टाकून मी त्या तीन ग्रुपांपैकी सर्वांत मोठा ग्रुप चालवणाऱ्या वधू-वर मंडळाच्या ऑफिसात गेलो. चिटणीस म्हणून एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी स्वतः क्लार्क असल्यानं मला समोरच्या खुर्चीत बसायची सवय नाही. तिथून ऑफिस फार वेगळं दिसतं.

"नाव कमी करायचंय? फॉर्म भरा," ते म्हणाले. "कारणावर खूण करा. एक, लग्न जमले. पत्रिका जोडा. दोन, मुलगी मयत. तीन, इतर, पुराव्यासह."

"समजा, मुलगी नसलीच तर?"

"नसली म्हणजे, घरी नसली?"

"न्हाई म्हणजे न्हाईच."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. आमच्याकडं येणाऱ्या पालकांकडं मीही असंच बघतो. "मग मुलीच्या सहीचं पत्र आणा. मी नाही म्हणून. आणि आधारची झेरॉक्स."

निलम नाही, याचं निलमच्या सहीचं पत्र. नियमानं ते बरोबरच होतं, मीही हेच मागितलं असतं. मी फॉर्म पुढं ओढला. दुसऱ्या कारणाला पुरावा लागत नव्हता, वडिलांचं तोंडी चालत होतं. मला वाटलं, काय आहे त्यात, कागदावरची पोरगी कागदावरून काढायची. हरीशराव दर कथेत काढतात. पेन 'मयत'पाशी नेलं आणि हात पुढं जाईना. चिटणीस म्हणाले, "पेन चालत नाही का?" मी व्हय म्हणालो आणि फॉर्म घडी करून खिशात घातला.

घरी आल्यावर मिनाला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "एक इचारू? जगाच्या लेकरांला तुमी एक जून लावता. हिला नऊ नोव्हेंबर काहून लावली?"

"अशीच. सुचली ती."

"नांदेडच्या डॉक्टरनं हीच तारीख दिली होती."

मला ते माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. माहीत असल्याचं मला माहीत नव्हतं. ती एकदाच आशा लागली होती, चौथ्या महिन्यापर्यंत. त्यानंतर आम्ही त्या तारखेचं नावही काढलं नाही, मी एकदाही नाही, तिनंही नाही. आणि जुनेदच्या दुकानात दहा माणसं मागं उभी असताना ती माझ्या तोंडातून आपसूक निघाली होती.

"मला वाटलं, तुमी इसरून गेले," मिना म्हणाली आणि सूप झटकत उठून आत गेली.

त्याच आठवड्यात डोंगरकड्याच्या जनकाबाईंचा फोन आला. त्यांचा विश्वंभर शेती बघतो, केळीचा मळा आहे, पोरगं निर्व्यसनी. त्या मिनाशी तीन दिवस रोज बोलल्या. चौथ्या दिवशी मिना माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"ते रविवारी येऊन राहिले. बघायला."

"काय बघायला?"

"मी न्हाई म्हणणार होते. त्या म्हणल्या, येऊ का? तोंडातून गेलं, या."

मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. कोणाला दाखवणार, म्हणून ओरडलो. लोक पोलिसात जातील, म्हणून ओरडलो. ती म्हणाली, "मला कळतंय सगळं. मला फक्त एकदा ते कांदे चिरायचे होते. पोरीच्या पाहुण्यांसाठी."

मी दस्तगीरभाईंकडं धाव घेतली. शनिवार असून मंडळाची तातडीची बैठक भरली. मी सगळं कबूल केलं, पापुद्र्यापासून. मग सल्ले सुरू झाले, कारण लेखकाला संकटात सापडलेला माणूस दिसत नाही, अडलेलं कथानक दिसतं.

"अपघात," हरीशराव म्हणाले. "आज रात्री. उद्या सकाळी पाहुण्यांला फोन."

"नको," मी म्हणालो.

"पळून गेली म्हणा," दस्तगीरभाई म्हणाले. "शेवट उघडा राहतो."

"माझी निलम तसली न्हाई," मी म्हणालो, आणि तिघंही माझ्याकडं बघायला लागले.

नाहिद मॅडमनी लाल पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "सर, मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, निलमला काय पाहिजे. चूक माझी झाली. मी घरातल्यांना काय पाहिजे ते विचारायला हवं होतं." त्यांनी पर्स उचलली. "खरं सांगा पाहुण्यांना. दुसरा कोणता शेवट मला येत नाही."

रविवारी अकराला जीप आली. विश्वंभर, त्याचे वडील आणि जनकाबाई. जनकाबाई उंच, हिरव्या लुगड्यातल्या, हातात एक कापडी पिशवी. मिनानं सुशीला केली होती. चुरमुरे नेमके भिजले होते, कांदा बारीक चिरलेला, वर शेंगदाणे, कोथिंबीर. विश्वंभर लाजरा पोरगा, त्यानं बशीतली मिरची न बोलता बाजूला काढली. मला तो आवडला. मला तो फार आवडला, आणि मी त्याच्या बशीत आणखी सुशीला वाढली.

वडील पावसापाण्याचं बोलले. मी शाळेचं बोललो. मग त्यांनी रिकामी बशी खाली ठेवली आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, "बोलवा मग मुलीला."

पाठ केलेलं वाक्य आठवेना. मिना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तीच बोलली.

"आमाला लेकरू न्हाई."

कोणाला काही कळलं नाही. वडील म्हणाले, "म्हणजे?"

मग मी सांगितलं. कथा, मंडळ, जुनेद, सगळं. सांगताना मला ते इतकं बिनबुडाचं वाटत होतं की मंडळात वाचलं असतं तर मीच नापास केलं असतं. वडील उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आमची चेष्टा लावली का? वीस लोकांला सांगून आलो आमी." ते चपला घालून बाहेर गेले. विश्वंभर उठला, जाताना मला वाकून नमस्कार करून गेला, त्यानं मला जास्तच लाज वाटली.

जनकाबाई हलल्या नाहीत. त्या मिनाकडं बघत होत्या. "मग फोनवर सांगितलं ते सगळं? झाडावरून पडली ते? हात मोडला ते?"

"मीच सांगितलं," मिना म्हणाली. "तुमी इचारत गेल्या अन् मला येत गेलं. खोटं बोलायचं म्हणून न्हाई बोलले, जनकाबाई. एवढ्या वरसांत मला माझ्या लेकराचं कोणी काही इचारलंच न्हाई."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. जनकाबाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. पिशवीतून नारळ काढला, खण काढला, गहू काढले. "बसा इथं," त्या मिनाला म्हणाल्या.

"मला नका भरू," मिना मागं सरकली. "पोरीची ओटी आहे ती."

"पोरीसाठी आणलेली ओटी माघारी नेत नसतात. पोरगी न्हाई तर आईनं घ्यायची." त्यांनी मिनाला हळदकुंकू लावलं आणि पदरात ओटी घातली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सासरी पाठवून द्या तिला आता. लेकीला अशी उंबऱ्यावर उभी ठेवू नये. तिलाबी तकलीफ अन् आईबापालाबी." सतरा रविवारांत मला कथेच्या शेवटाबद्दल इतका सरळ सल्ला कोणी दिला नव्हता.

जीप गेली. मिना भरला पदर दोन्ही हातांनी धरून तशीच बसून राहिली. मी बश्या उचलल्या. आणि फोन वाजला.

दर वेळी तीच उचलायची. आता तिचे हात गुंतलेले होते. तिनं माझ्याकडं बघितलं. मी फोन घेतला.

"निलमचे वडील का?" कोणीतरी पोक्त बाई होत्या.

"व्हय," मी म्हणालो. एवढा छोटा शब्द, पण तो म्हणताना मला मिनाचं सगळं कळलं.

"आमी औंढ्याहून बोलून राहिलो. स्थळ होतं एक."

"तिचं जमलं," मी म्हणालो.

"अगं बाई! कुठं दिली?"

मी मिनाकडं बघितलं. ती ऐकत होती. "लांब," मी म्हणालो. "लई लांब दिली. येणं होत न्हाई तिचं."

"असू द्या. सुखात है ना?"

"सुखात है," मी म्हणालो. "लई चांगले लोक मिळाले."

फोन ठेवून वळलो तर मिना रडत होती. त्या चौथ्या महिन्यानंतर ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती, आणि तिच्यासमोर मीही नाही. आता ती पोरगी सासरी पाठवल्यावर आई रडते तशी रडत होती, मोठ्यानं, कमलबाईंनी ऐकलं तरी ऐकू दे अशी. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि मलाही रडू आवरलं नाही. पण तिनं पदरातले गहू तेवढे सांडू दिले नाहीत.